अण्णांची पद्मिनी माझ्याकडे आली, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार. मी सोलापुरात एका चादर कारखान्यात हिशोबाला आहे, वय 43. आमच्या गल्लीतले अण्णा माझ्याहून 28 वर्षांनी मोठे, पण आमची दोस्तीच होती. ते गेल्या महिन्यात गेले. त्यांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे, क्रीम कलर, स्टिअरिंगला गिअर. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं ती पुसायचो आणि होटगी रोडला एक चक्कर मारून यायचो, मी गाडी शिकलो ती पण हिच्यावरच. मग त्यांचे गुडघे गेले आणि तीन वर्षं गाडी पत्र्याच्या शेडखाली उभीच आहे. आजारपणात मुलासमोर म्हणाले, गाडी याला द्या. लिहून काही ठेवलं नाही. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो घेऊन जा, आमची काही हरकत नाही. काकूंनी किल्ली आणून हातात दिली पण देताना त्यांचे डोळे भरले, तेव्हापासून गाडीला हात लावायचं धाडसच होईना. कागद कसे करायचे, चालू कशी करायची, आणि रंग मारून नवीन करू का? सीटवर अण्णांनी सोलापुरी चादरीचं कव्हर शिवून घेतलंय, ते पण विरलंय.
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. गाडी घ्या, मनात काही ठेवू नका, अण्णांना घरात दुसरं कोणी दिसलं नाही म्हणून तुम्हाला दिली असं नाहीये, मुलगा समोर असताना तुमचं नाव घेतलंय त्यांनी.

पण आधी कागद. तोंडी सांगितलेलं घरच्यांनी मान्य केलं तरी आरटीओत ते चालत नाही. मृत्युपत्र नाही म्हणजे गाडी कायद्याने वारसांची, काकू आणि मुलं. मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि 3 महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. म्हणजे ती आधी काकूंच्या नावावर होऊ द्या, बाकी वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र जोडून, आणि मग फॉर्म 29 आणि 30 वर काकूंच्या सह्या घेऊन तुमच्या नावावर. दोन फेऱ्या होतील, होऊ द्या, उद्या कोणी बोट दाखवायला नको आणि काकूंनाही आपण स्वतः दिली याचं समाधान राहील. आरसीची तारीखही बघा. पहिली 15 वर्षं आणि मग दर 5 वर्षांनी रिन्यूअल, त्या हिशोबाने 1986 च्या गाडीची पाळी 2026 ला येते. लोक सांगतील विंटेजमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीत, टाका, पण त्याला 50 वर्षं पूर्ण लागतात, आणि विंटेज नंबरवर गाडी रोज फिरवता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती असल्या कामालाच. तुम्हाला तर रविवारची चक्कर मारायचीय ना.

आता चालू करायचं. नवी बॅटरी लावून लगेच सेल्फ मारू नका, कळकळीने सांगतोय! तीन वर्षांत सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी चौथा गिअर टाकून दोघांनी गाडी हळूच मागेपुढे ढकला. इंजिन मोकळं फिरलं की निम्मी काळजी गेली. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका, वार्निशसारखा वास येत असेल तर कार्ब्युरेटरही उघडावा लागेल. आणि हे महत्त्वाचं, आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही, तेव्हा पेट्रोलचे पाइप आणि इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, इथेनॉल चालणारे बसवून घ्या, नाहीतर गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकेल आणि सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार धरतात, फ्लश करून कूलंट भरा. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत, त्यांच्या सिलिंडरची रबरं चिकटलेली असणार, सगळं किट आणि ऑइल बदला. स्पेअर मिळतील तेव्हा जोडी घेऊन ठेवा, मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 ला संपल्या, माल दिवसेंदिवस कमीच होणार.

रंगाचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, पूर्ण रंग नको. पायाखालचं मॅटिंग उचला, दाराच्या खालच्या कडा टाचणीने टोचून बघा, जिथे टाचणी आत जाते तेवढा पत्रा बदला आणि तेवढ्यालाच रंग लावा. दरवाज्यावर अण्णांचा कोपर टेकून जिथला क्रीम कलर उडालाय तिथे पेंटरला हातसुद्धा लावू देऊ नका. चादरीचं कव्हर मात्र बदला, तुमच्या कारखान्यात त्याच डिझाइनची चादर काढता येते का विचारा, जुनी धुऊन डिकीत ठेवा. एक सांगतो, प्रीमियर कंपनी 1944 ला काढणारे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचेच, 1882 चा जन्म. म्हणजे कुर्ल्यात बनली तरी गाडीचं मूळ इकडचंच, तिच्यात सोलापूरची चादर अण्णांनी उगाच नाही घातली.

काकूंच्या डोळ्यांतलं पाणी नकाराचं नसावं, पण अंदाज बांधत बसू नका, सरळ विचारा. मी असतो तर दुसरी किल्ली त्यांच्याकडेच ठेवली असती. नावावर झाली, इन्शुरन्स आणि पीयूसी झालं की पहिल्या रविवारी त्यांना शेजारी बसवून सिद्धेश्वराला घेऊन जा. त्याआधी ब्रेकचं काम झालेलं असू द्या, आणि तुम्ही एकट्याने 20 किलोमीटर तरी चालवून बघितलेली असू द्या.