ऊन तेवढंच, मग उकाडा का वाढला?

दर उन्हाळ्यात हेच प्रश्न येतात. निम्मे व्हॉट्सॲपवरच जन्मलेले असतात.

मे महिन्यात सूर्य पृथ्वीजवळ येतो, म्हणून ऊन वाढतं ना? (अक्कलकोट रोड)

नाही. तो सर्वांत जवळ असतो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेची तयारी चालू असते तेव्हा.

ओझोनच्या भोकातून उष्णता आत शिरते का? (बार्शी)

नाही. तो अतिनील किरणांचा विषय. वेगळा.

सूर्य मे महिन्यातही डोक्यावर असतो आणि जुलैअखेरीलाही. मग जुलैत एवढं का तापत नाही? (होटगी रोड)

हा खरा प्रश्न. सोलापुरात भरदुपारी सावली पायाखाली जाते ती 12 मे आणि 31 जुलैच्या आसपास. दोन्ही वेळा वरून येणारं ऊन जवळपास सारखंच. जुलैत मात्र ढग त्यातलं बरंच परत धाडतात आणि उरलेली बरीच उष्णता ओल्या रानातल्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. मे महिन्यात काळं रान भेगाळलेलं असतं, सगळी उष्णता हवेलाच मिळते.

सूर्यच जास्त तापलाय, कार्बनचं नुसतं राजकारण आहे, असा व्हिडिओ पाहिला. (पंढरपूर)

व्हिडिओवाल्याने सूर्य मोजला होता का? उपग्रह 1978 पासून मोजताहेत. सौरडागांच्या, म्हणजे सूर्यावरच्या काळ्या डागांच्या, सुमारे 11 वर्षांच्या चक्रात सूर्याची ऊर्जा जेमतेम 0.1 टक्का खालीवर होते. इतक्या वर्षांत ती चढत गेलेली नाही, पृथ्वीचं तापमान मात्र चढत गेलं. आलेल्या उन्हापैकी सुमारे 30 टक्के ढग, बर्फ, वाळू परतवून लावतात. बाकीचं बहुतेक जमीन-समुद्र शोषतात आणि अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांच्या रूपाने बाहेर टाकतात. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात ती ही जाणारी उष्णता. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 अंश असतं. आहे 15 च्या आसपास. म्हणजे वायू वैरी नव्हेत, प्रमाण बिघडलंय. कारखानदारीपूर्वी दहा लाख भागांत 280 भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता 420 च्या वर गेलाय. शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी 1859 मध्ये प्रयोगशाळेत हे वायू उष्णता अडवतात हे मोजून दाखवलं. तेव्हा कुठलं राजकारण होतं? आणखी एक: सूर्य तापला असता तर स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा ढगांच्या वरचा थर, तोही तापला असता. तो थंड होतोय.

मात्र एका कडक दुपारीवरून हवामानबदल सिद्ध करू नका. निदान 30 वर्षांच्या नोंदी लागतात. हवामान खात्याकडून मागवा.

गच्चीला रंग दिला की 15 अंश कमी, असं सेल्समन म्हणतो. (जुळे सोलापूर)

कुठले 15? स्लॅबच्या पृष्ठभागाचे की खोलीतले? तिथेच मेख आहे. पांढरा रंग ऊन परतवतो हे खरं, चुनाही परतवतो. चाचणीचा अहवाल मागा. स्लॅब गळत असेल तर आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवा. ‘सवलत आजच संपते’ म्हणाला तर दार लावून घ्या.

वडील पत्र्याखाली यंत्रमागावर काम करतात. परवा दुपारी बरळायला लागले, मग खिशात कांदा ठेवला. पुन्हा झालं तर संध्याकाळी डॉक्टरांकडे नेऊ का?

संध्याकाळी? लगेच! कांद्याने अंगातला ताप उतरत नाही. 108 ला फोन करा, सावलीत घ्या, अंग ओलं करून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. मी हवामानाचा माणूस, पुढचं डॉक्टरांचं काम. परवाचं निभावलं असलं तरी त्यांना उद्याच दाखवून आणा, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.