मीटर बंद असलेला जुना फिल्म कॅमेरा घ्यावा का? घेतला तर घरी किती दुरुस्ती जमते?

घ्या, बिनधास्त घ्या. बंद मीटर (म्हणजे उजेड मोजणारा भाग) हा जुन्या कॅमेऱ्यातला सगळ्यात कमी त्रासाचा दोष. मला उलट धास्ती वाटते ती 'चालू' मीटरची. विकणारा सांगतो, काटा हलतोय, मीटर ठणठणीत आहे. अहो, काटा हलतो म्हणजे सर्किटमधून करंट जातोय, एवढंच. तो योग्य जागी थांबतो का, हे कुणी बघतच नाही. या एका मुद्द्यावरून इतक्या जणांशी वाजलंय की तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

कॅननचा एक रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा), कॅनोनेट क्यूएल१७ जीथ्री, माझ्याकडे शटर साफ करायला आला होता. १९७२चं मॉडेल: ४० एमएम एफ/१.७ लेन्स, लेन्सच्या आतच पात्यांचं शटर, वेग १/४ ते १/५०० सेकंद. पात्यांवर तेल आलं होतं, या कॅमेऱ्याचं ते ठरलेलं दुखणं. जुनं ग्रीस सुटतं, त्यातलं तेल झिरपत पात्यांपर्यंत पोचतं आणि पाती एकमेकांना चिकटायला लागतात. मागचं झाकण उघडून फोनच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर मोजलं. १/३०ला शटर ८ फ्रेम उघडं दिसायला हवं, दिसलं १५. १/६०ला ४ऐवजी ७. म्हणजे जवळजवळ एक स्टॉप संथ (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). (१/१२५पासून वर ही युक्ती निरुपयोगी, मोजायला दोनच फ्रेम उरतात.) साफ केल्यावर बरोबर ८ आणि ४ यायला लागले. काम झालं, कॅमेरा गेला.

पुढचा रोल धुऊन आला आणि मालकाचा फोन: "आधी फोटो छान यायचे. तुम्ही हात लावल्यापासून काळे येतायत."

कॅमेरा परत मागवला. शटर जसंच्या तसं होतं. मग सेलचं झाकण उघडलं, तर आत अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेला एलआर४४. हा कॅमेरा बनलाय पीएक्स६२५ या पाऱ्याच्या सेलसाठी. तो १.३५ व्होल्ट द्यायचा, आणि संपेपर्यंत तेवढेच द्यायचा. पाऱ्याचे सेल आता बाजारातून गेले. एलआर४४ अल्कलाइन आहे: नवा असताना १.५ व्होल्ट किंवा थोडा वरच, आणि मग रोज थोडा थोडा खाली. जास्त व्होल्टेजमुळे काटा जास्त सरकतो, कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि ऑटोवर तो अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, गरजेपेक्षा बारीक करतो. सावलीतल्या एका सपाट भिंतीवर आयएसओ १०० आणि १/१२५ लावून बघितलं. खात्रीचं हातातलं मीटर सांगत होतं एफ/५.६, कॅनोनेटचा काटा एफ/८ला टेकलेला. पूर्ण एक स्टॉप.

म्हणजे झालं असं होतं की चिकट शटर एक स्टॉप जास्त उजेड देत होतं आणि चुकीचा सेल एक स्टॉप कापत होता. दोन बिघाड एकमेकांना सांभाळून घेत होते, म्हणून 'फोटो छान' येत होते. मी त्यातला एक काढला आणि दुसरा उघडा पडला. हे समजावून सांगितल्यावर उत्तर काय मिळालं? "सगळे हाच सेल घालतात, चालतो की." चालतो, हो. निगेटिव्ह फिल्म दोन स्टॉप जास्त उजेड हसत पचवते, म्हणून मुळातच सढळ हातानं एक्स्पोज करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पण उजेड कमी पडला की सावल्यांमधला तपशील फिल्मवर उमटतच नाही, आणि जो उमटलाच नाही तो स्कॅन करताना कितीही ओढा, मातकट करडा आणि दाणेच हाती लागतात.

पाऱ्याच्या सेलची जागा कशानं भरायची? मी ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल वापरतो, कानाच्या मशिनमध्ये असतो तो. व्होल्टेज १.४, आणि बराच काळ स्थिर. त्याचा व्यास ११.६ एमएम आणि जुन्या सेलची खाच साधारण १६ एमएमची, म्हणून भोवती रबरी ओ-रिंग बसवायची. सेलच्या पाठीवर बारीक भोकं असतात, तिथून तो हवा घेतो. ती रिंगेखाली किंवा टेपखाली गाडू नका. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच सेल आत ठेवा. एकदा स्टिकर निघाला की तो वापरा न वापरा, काही आठवड्यांत सुकतो. ज्यांना ही कटकट नको त्यांनी एसआर४४ घ्यावा, म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड. तो १.५५ व्होल्टला पक्का राहतो. त्याच्या वाटेत एक शॉट्की डायोड टाकला की सुमारे ०.२ व्होल्ट गळतात आणि आपण १.३५च्या आसपास येतो. नुसता एसआर४४ घालून आयएसओची तबकडी निम्म्यावर ठेवण्याचा जुगाडही लोक करतात. चूक निदान रोज बदलत नाही, पण भर उन्हातली आणि खोलीतली चूक सारखी नसते, त्यामुळे तो अर्धाच इलाज.

हा घोळ सगळ्या कॅमेऱ्यांत नाही, हेही सांगायला हवं. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकचं मीटर ब्रिज सर्किटचं आहे, त्याला व्होल्टेजचं विशेष सोयरसुतक नाही. पेंटॅक्स के१००० आणि निकॉन एफएम मुळातच आज मिळणाऱ्या सेलवर चालतात. यशिका इलेक्ट्रो ३५ला ५.६ व्होल्टचा सेल लागायचा, तिथे ६ व्होल्टचा घातला तरी तक्रार नसते. ऑलिंपस ओएम-१ मात्र कॅनोनेटच्याच पंक्तीतला.

आता घेताना काय बघायचं. लेन्सचं अपर्चर पूर्ण उघडा, शटर बीवर (बटण दाबलेलं असेपर्यंत ते उघडं राहतं) धरून ठेवा आणि मागून टॉर्च मारा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर बुरशी. एकसारखा दुधी पडदा दिसला तर हेझ, तो बहुतेकदा पुसून निघतो. कडेला इंद्रधनुषी डाग दिसला तर दोन काचांमधला चिकट थर सुटलाय, त्या लेन्सला हातच लावू नका. बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समप्रमाणात घेऊन निघते, पण तिनं कोटिंग खाल्लं असेल तर नक्षी कायमची. मग सगळ्यात संथ वेग लावा आणि कानानं ऐका. १ सेकंद किंवा १/४ला आतली गिअरची घरघर मध्येच अडखळली तर साफसफाई लागणार. पडद्याचं शटर असेल तर झाकण उघडून चकचकीत आभाळाकडे धरा आणि १/१०००ला दाबून बघा. फ्रेमची एक बाजू काळी राहिली तर मागचा पडदा पुढच्याला गाठतोय. कापडी पडद्याला टाचणीएवढी भोकं असली तर तीही याच वेळी दिसतात. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो, लेन्स उघडी टाकून कॅमेरा उन्हात ठेवला की सूर्य पडद्याला भोक पाडतो. फेड किंवा झॉर्की (जुने सोव्हिएत रेंजफाइंडर) हातात आला तर आधी शटर चढवायचं आणि मग वेग बदलायचा, उलटं केलं तर आतली यंत्रणा मोडू शकते.

सेलच्या खाचेत हिरवं-पांढरं जमलं असेल तर घाबरू नका. अल्कलाइन सेलचा ओघळ व्हिनेगरच्या इअरबडनं पुसा, मग अल्कोहोलनं. त्यानंतरही मीटर मेलेलंच असेल तर खाचेतून वर जाणारी बारीक तार बघा, ती इन्शुलेशनच्या आत सडलेली असते. ती बदलली की बरीच 'मेलेली' मीटरं उठून बसतात.

घरी हमखास जमणारं काम म्हणजे फोम. मागच्या झाकणाच्या चरांत आणि एसएलआरच्या (आरशावरून थेट लेन्समधलं दृश्य दाखवणारा कॅमेरा) आरशासमोर जो काळा फोम असतो, तो काही दशकांत विरघळून डांबरासारखा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या लाकडी टूथपिकनं तो खरवडा. धातूचं टोक वापरू नका, आणि कॅमेरा उताणा धरू नका. सुटलेली घाण शटरमध्ये पडली तर नवं काम वाढतं. चरांत काळी लोकर किंवा १ एमएम फोम, बिजागरीच्या बाजूला दीड-दोन एमएमचा बंद पेशींचा फोम. पट्टीची चिकट बाजू पाण्यानं ओली केली की ती सरकवून नीट बसवता येते, सुकल्यावर धरते. ओएम-१ असेल तर प्रिझमच्या वरचा फोमही काढाच, तो प्रिझमचा चांदीचा थर खातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काळा डाग दिसायला लागतो.

पात्यांचं शटर साफ करायचं तर पुढची रिंग लेन्स स्पॅनरनं काढून पुढचा काचांचा गट बाहेर घ्या. काढताना तो किती फिरला याची खूण करून ठेवा. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाचे) असतात, साधा फिलिप्स त्यांच्यात नीट बसत नाही आणि डोकं गोल करून टाकतो. इअरबडवर लायटरच्या इंधनाचे दोन थेंब, पात्यांवर हलका हात, शटर वीस-तीसदा उडवायचं, पुसायचं, पुन्हा तेच. पाती पूर्ण कोरडी दिसेपर्यंत. इंधन ओतू नका, ते गिअरमधलं ग्रीस विरघळवून पुन्हा पात्यांवरच आणून टाकतं. आणि गंज काढायचा स्प्रे मारणाऱ्यांना काय बोलावं! पात्यांना तेल लागतच नाही. ती कोरडीच चालायला बनलेली आहेत.

पहिला रोल आयएसओ १००चा ब्लॅक अँड व्हाइट घ्या आणि तो फक्त चाचणीत घालवा. स्वच्छ उन्हात एकच दृश्य: १/१२५ला एफ/१६, १/२५०ला एफ/११, १/५००ला एफ/८. तिन्ही निगेटिव्ह सारख्याच घनतेच्या यायला हव्यात. वेगवान बाजूची फ्रेम जास्त दाट आली तर शटर तिथे संथ आहे. हीच परीक्षा सावलीत ट्रायपॉडवर संथ वेगांची घ्या, आणि प्रत्येक फ्रेमचे आकडे वहीत लिहा. मीटर यात वापरायचंच नाही, नाहीतर आमच्या कॅनोनेटसारखे दोन दोष एकमेकांत लपतील. वाइंडिंगचा लिव्हर ओढताना रिवाइंडची खुंटी फिरतेय ना, म्हणजे फिल्म पुढे सरकतेय ना, तेवढं बघत जा.

निगेटिव्हवर गळतीचा डाग असेल तर तो कुठवर जातो ते बघा. फिल्मच्या कडेच्या भोकांच्या पट्टीपर्यंत पसरलेला असेल तर उजेड झाकणातून आलाय, म्हणजे फोम. फक्त चित्राच्या चौकटीत असेल तर शटरचा पडदा किंवा लेन्सची बाजू. फिल्मवर चित्र उलटं पडतं, त्यामुळे कॅमेऱ्याच्या मागून बघताना उजवीकडे असलेल्या बिजागरीची गळती फोटोत डावीकडे दिसते. लोक इथेच चुकीच्या बाजूचा फोम बदलत बसतात.

घरी धुणार असाल तर एचपी५ प्लस ही आयएसओ ४००ची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घ्या. ४००लाच एक्स्पोज केलेला, आयडी-११ डेव्हलपर न पातळ करता, २० अंशांना साडेसात मिनिटं. एकास एक पाणी घातलं तर १३ मिनिटं. पहिल्या दहा सेकंदांत टाकी चारदा उलटीसुलटी, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा चारदा. जास्त हलवलं तर कॉन्ट्रास्ट फुगतो.

रेंजफाइंडर की एसएलआर, हे राहिलंच. लेन्स बदलायच्या असतील, जवळून काही टिपायचं असेल तर एसएलआर. नसेल तर पात्यांच्या शटरचा रेंजफाइंडर, आवाज कमी आणि १/१५लाही हात स्थिर राहतो. रेंजफाइंडर घेताना दूरच्या एखाद्या मनोऱ्यावर अनंताला दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसतात का ते बघा. आडवी चूक स्क्रूनं सुटते, उभी चूक जास्त डोकेदुखीची. चामड्याच्या जुन्या कव्हरात कुठलाही कॅमेरा ठेवू नका, ते ओल धरतं आणि बुरशीला आमंत्रण देतं.

एक गोष्ट वर सांगायची राहिली, आणि ती महत्त्वाची आहे. 'बंद मीटर चालेल' हे फक्त यांत्रिक शटरच्या कॅमेऱ्यांपुरतं. कॅनोनेट ऑटोवरून काढला की मीटरशिवाय सगळे वेग देतो, के१००० आणि एफएम तसेच. कॅनन एई-१ सेलशिवाय दाबलाच जात नाही. इलेक्ट्रो ३५ सेल नसताना १/५००वर अडकतो, त्यामुळे त्याचं इलेक्ट्रॉनिक्स मेलं असेल तर तो परत ठेवा. ऑलिंपस ट्रिप ३५मध्ये सेलच नाही, लेन्सभोवतीचं सेलेनियमच (उजेडातून वीज करणारा थर) मीटर चालवतं. ते मेलं की हातानं अपर्चर लावता येतं, पण शटर १/४०लाच राहतं. ते तपासायला लेन्सवर हात ठेवून अंधार करा आणि बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल झेंडा वर आला आणि शटर अडलं तर अडवणारी यंत्रणा चालतेय, एवढंच कळतं. मग उजेडाकडे धरून दाबा, तेव्हाही लाल झेंडाच आला तर सेलेनियम गेलं.