इंदूरमध्ये बी.ई. करतोय. एनपीटेलचा (आयआयटींच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन कोर्स) मोफत कोर्स केला तर कॉलेजात क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे गुणांक) मिळतं का? आणि लोक मध्येच का सोडतात?

मिळू शकतं, पण आपोआप नाही. कोर्सला नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी मंजुरी घ्या. कोणत्या विषयाऐवजी तो धरणार हेही त्यात यायला हवं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021 च्या नियमांनी एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंतचे विषय 'स्वयम'वरून (केंद्र सरकारचं ऑनलाइन व्यासपीठ, एनपीटेलचे कोर्सही त्यावरच असतात) करायला वाव दिलाय, पण तो लागू करणं विद्यापीठाच्या हातात. निकाल लागल्यावर धावपळ करणारे इथेच अडकतात.

शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला 1000 रुपये, आणि तीही केंद्रावर जाऊन द्यायची. 12 आठवड्यांच्या कोर्सला 3 क्रेडिट. गुण असे: 12 पैकी सर्वोत्तम 8 असाइनमेंटची सरासरी 25 पैकी, परीक्षा 75 पैकी. पास व्हायला 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30, दोन्ही वेगवेगळे लागतात. म्हणजे परीक्षेत 60 मिळाले तरी असाइनमेंट बुडवल्या असतील तर प्रमाणपत्र नाही!

गळती जुनीच आहे. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सर्किट्सच्या पहिल्या ऑनलाइन कोर्सला सुमारे 1,55,000 जणांनी नाव घातलं, पास झाले 7,157. अर्थात त्यातले कित्येक नुसते डोकावायला आले होते, त्यांना नापास म्हणणं अन्याय. पण भंवरकुआँला (इंदूरचा कोचिंग क्लासचा भाग) क्लासची फी भरलेली असली की माणूस भर पावसातही जातो. ऑनलाइन कोर्सात चुकवलं तर विचारणारं कुणी नाही. म्हणून एका सत्रात एकच कोर्स घ्या, आणि वर्गातला एखादा जोडीदार गाठा.