गुलामचोर, पुयो आणि मिस्तिग्री

प्रश्न असा: पत्त्यांतल्या 'गुलामचोर'ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात, आणि आपलं नाव त्यावरूनच आलं का?

फ्रेंचमध्ये रूढ नाव 'पुयो'. 'पू' म्हणजे ऊ. पुयो म्हणजे उवा-लिखांनी भरलेला, कुणीही जवळ करणार नाही असा. दुसरं नाव 'मिस्तिग्री', हे मुळात मांजराचं. 'मिस्तिग्री दुसऱ्याला खपवणं' म्हणजे नको असलेलं लोढणं त्याच्या गळ्यात अडकवणं, असा वाक्प्रचारही तिथे आहे. तिसरं जुनं नाव 'व्ह्यू गार्सों', म्हणजे बिनलग्नाचा राहिलेला बाप्या. इंग्रजांनी तिथे राणी धरली आणि 'ओल्ड मेड' म्हटलं.

आपलं नाव याचं भाषांतर आहे, हे मला पटत नाही. फ्रेंच नाव मुख्यतः पत्त्याला हिणवतं. आपल्याकडे चोर ठरतो तो शेवटी गुलाम हाती उरलेला खेळाडू. शिवाय 'गुलाम' पत्त्यांत नवा नाही: मुघल गंजिफाच्या, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या, ९६ पानांत, आठ रंगांपैकी एका रंगाचंच ते नाव होतं.

खरं साम्य शब्दांच्या पोटात आहे. अरबी 'गुलाम' म्हणजे आधी मुलगा, मग चाकर. गुलामाच्या पानाचं फ्रेंच नाव 'व्हाले', तो आधी सरदाराकडे शिकणारा तरुण, मग नोकर. त्याच पानाचं जुनं इंग्रजी नाव 'नेव्ह', तोसुद्धा मूळचा मुलगाच. 'गार्सों' म्हणजे मुलगा आणि हॉटेलातला वाढपीही. आपला 'पोऱ्या' याच वाटेने गेला.

खेळातला फरक बारीक, पण महत्त्वाचा. फ्रेंच पद्धतीत किलवरचा गुलाम काढून ५१ पानं वाटतात आणि जोडी एकाच रंगाची लागते: लालला लाल, काळ्याला काळं. म्हणून २५ जोड्या लागून इस्पिकचा गुलामच उरतो, आणि तो कुणाकडे आहे एवढंच शोधायचं असतं. रंगाची अट सोडली तर इस्पिकचा गुलाम बदामच्या गुलामाशी जुळून खाली जाऊ शकतो, मग चौकटचा उरतो, आणि 'काळा गुलाम चोर' म्हणून बसलेल्यांत भांडण होतं. अट नको असेल तर कुठलाही एक गुलाम न बघता काढून ठेवावा. मग कोणता गुलाम उरणार, ते शेवटपर्यंत कळत नाही. तीन सारखी पानं आली तरी दोनच टाकायची, नाहीतर जोड्यांचा हिशेब फसतो.

पारंपरिक फ्रेंच पत्त्यांवर चित्रांची नावंही छापतात. काढून ठेवतात तो लान्सलो. शेवटी हातात उरतो तो ओजिए.