रुळांकडेच्या मळ्यात वर्षानुवर्षं गटाराचं पाणी दिलंय. मोहरी लावून ती माती साफ होईल का?

होईल. गटाराच्या पाण्यातून मातीत साचलेले जड धातू मोहरी मुळांनी ओढून घेते, आणि ती कापून नेली की तेही जातात. पण एका हंगामात नाही, वर्षं लागतात. शिवाय धातूगणिक हिशेब वेगळा. कॅडमियम जस्ताच्या वाटेने मुळात शिरतं आणि पानात जाऊन बसतं. म्हणूनच अशा मळ्यातला पालक कितीही हिरवागार दिसो, मी घेत नाही. शिसं मात्र बहुतेक मुळापाशीच अडकतं. ते वर चढावं म्हणून ईडीटीए (धातूला धरून पाण्यात विरघळवणारं रसायन) घालतात, पण मुंबईच्या पावसात ते शिशासकट खाली भूजलात उतरायचं. नकोच ते.

झाडाला त्रास होतोय का, हे आधी मुळं सांगतात. रोप उपटून पाहा: मुळं आखूड, जाडसर, तपकिरी. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या, कारण लोह मिळेनासं होतं. असं खुरटलेलं रोप माती काय साफ करणार!

आम्लधर्मी मातीत हे धातू जास्त सुटे होतात, चुन्याने अडकतात. त्यामुळे धातू काढायचे असतील तर चुना टाळा. आणि कापलेली मोहरी तबेल्यात किंवा खताच्या खड्ड्यात अजिबात टाकू नका. धातू जळत नाहीत, कुजत नाहीत. आधी मातीची तपासणी मात्र करून घ्या.