तांब्याची सल्फाइड खनिजे आणि निक्षालन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅलाकाइट सौम्य सल्फ्युरिक आम्लात बघता बघता विरघळते. त्याच आम्लात कॅल्कोपायराइटचा चुरा अनेक दिवस ठेवला तरी द्रावणाला निळा रंग येत नाही. दोन्ही तांब्याचीच खनिजे असताना असे का व्हावे? (रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी)

उत्तर : आपण नेमक्या मर्मावर बोट ठेवले आहे. मॅलाकाइट हे तांब्याचे कार्बोनेट आहे. त्यातील तांब्याचे ऑक्सिडीकरण आधीच झालेले असल्यामुळे आम्लाने कार्बोनेटचा भाग मोडला की तांब्याचे आयन द्रावणात उतरतात. इलेक्ट्रॉनांची देवघेव व्हावी लागत नाही. कॅल्कोपायराइटमध्ये मात्र तांबे आणि लोह हे दोन्ही धातू गंधकाशी बांधलेले असतात आणि त्यांना मोकळे करायचे तर गंधकाकडून इलेक्ट्रॉन हिरावून घेणारा ऑक्सिडीकारक लागतो. नुसते सौम्य आम्ल ते करू शकत नाही. व्यवहारात ही कामगिरी बहुधा फेरिक लोह, म्हणजे तीन धनभार असलेला लोहाचा आयन, बजावते. कॅल्कोपायराइटचा एक रेणुभार विरघळवण्यासाठी फेरिकचे चार लागतात आणि त्यातून तांब्याचा एक, फेरस (दोन धनभाराच्या) लोहाचे पाच व मूलद्रव्यरूप गंधकाचे दोन भाग मिळतात. फेरसचे हवेतील ऑक्सिजनने पुन्हा फेरिक करून घेतले की चक्र चालू राहते, म्हणजे खरा ऑक्सिडीकारक हवाच असते आणि लोह तिचा वाहक असतो.

एवढ्यावर प्रश्न सुटला असता तर सल्फाइड खनिजांचे निक्षालन, म्हणजे धातू द्रावणात विरघळवून बाहेर काढणे, कधीच सर्वत्र रूढ झाले असते. अडचण अशी की फेरिक द्रावणातही कॅल्कोपायराइट सुरुवातीला काही काळ विरघळते आणि मग त्याचा वेग इतका मंदावतो की अभिक्रिया थांबल्यासारखीच वाटते. कणाच्या पृष्ठभागावर एक थर तयार होतो आणि तो पुढचा रस्ता अडवतो. हा थर कशाचा असतो यावर संशोधकांमध्ये अनेक दशके वाद चालू आहे: कोणी मूलद्रव्यरूप गंधकाकडे बोट दाखवतात, कोणी धातू निघून गेल्यावर उरलेल्या बहुसल्फाइडाकडे, तर कोणी वरून बसणाऱ्या जॅरोसाइट या लोहाच्या क्षारीय सल्फेटाकडे. माझ्या मते परिस्थितीनुसार तिघांचाही वाटा असू शकतो आणि एकच गुन्हेगार शोधण्याचा आग्रह फारसा उपयोगी पडलेला नाही.

यात एक गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते. द्रावण जितके अधिक ऑक्सिडीकारक, तितके विरघळणे जलद, अशी आपली अपेक्षा असते. पण कॅल्कोपायराइट मध्यम विभवाच्या (द्रावणाच्या ऑक्सिडीकारक ताकदीच्या) एका अरुंद पट्ट्यात, म्हणजे फेरिक आणि फेरस दोन्ही भरपूर असताना, अधिक चांगले विरघळते आणि विभव त्यापलीकडे चढवला की सुस्तावते. त्यामुळे जास्त हवा आणि जास्त फेरिक देणे हा येथे उपाय ठरत नाही.

सर्वच सल्फाइडे इतकी हट्टी नसतात, हेही ध्यानात ठेवावे. कॅल्कोसाइटमध्ये वजनाने सुमारे ८० टक्के तांबे असते आणि त्यातले जवळजवळ निम्मे फेरिक द्रावणात झपाट्याने बाहेर येते. नंतर उरलेला भाग कोव्हेलाइट या तांब्याच्या दुसऱ्या सल्फाइडासारखा होतो आणि तो सावकाश विरघळतो. कॅल्कोपायराइटमध्ये तांबे अवघे ३४.६ टक्के, आणि दुर्दैवाने पृथ्वीवरील तांब्याचा सर्वांत मोठा साठा त्याच खनिजाच्या रूपात आहे.

प्रश्न : जीवाणू खनिजातले तांबे खातात आणि त्यामुळे ते वेगळे करता येते, असे ऐकले आहे. हे कितपत खरे आहे?

उत्तर : जीवाणू तांबे खात नाहीत. त्यांचे अन्न म्हणावे तर ते फेरस लोह आणि गंधक आहे. ॲसिडीथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा त्यांतला सर्वाधिक अभ्यासलेला जीवाणू फेरसचे फेरिकमध्ये ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीर घडवतो. इतर बहुतेक सजीव मरतील अशा, दोनच्या आसपास सामू असलेल्या द्रावणात तो सुखाने राहतो. तेवढ्या आम्लधर्मी पाण्यात हवेने होणारे फेरसचे ऑक्सिडीकरण अतिशय संथ असते. जीवाणू ते लाखो पटींनी जलद करतात. म्हणून वर सांगितलेल्या चक्रातील सर्वांत कच्चा दुवा तेच सांभाळतात, असे म्हणणे योग्य ठरेल.

स्पेनमधील रिओ टिंटोसारख्या ठिकाणी खनिजाच्या ढिगाऱ्यांवर पाणी सोडून तांबे मिळवण्याची पद्धत जुनी आहे, पण त्यामागे जीवाणू आहेत हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. कोळशाच्या खाणींतून झिरपणाऱ्या आम्लधर्मी पाण्यात असे जीवाणू असल्याचे १९४७ मध्ये अमेरिकेतील कॉल्मर आणि हिंकल यांनी दाखवले आणि १९५८ मध्ये केनेकॉट या कंपनीच्या संशोधकांना या तत्त्वावर एकस्व (पेटंट) मिळाले. चिलीमधील लो आगिर्रे येथे १९८० पासून सल्फाइड खनिजाचे ढीग रचून त्यांचे जीवाणू-निक्षालन व्यापारी प्रमाणावर सुरू झाले. पुढे १९९४ मध्ये त्याच देशातील केब्राडा ब्लांका येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, कॅल्कोसाइटच्या ढिगांखालून नळ्यांनी हवा सोडून हे तंत्र यशस्वी झाले. विरळ हवा आणि कडाक्याची थंडी असूनही ते चालले याचे कारण असे की सल्फाइडाचे ऑक्सिडीकरण स्वतःच उष्णता निर्माण करते. ढीग पुरेसा मोठा असेल तर ती आत साठून राहते.

कॅल्कोपायराइटसाठी मात्र तेवढी ऊब पुरत नाही. साध्या ढिगात त्यातील तांब्याचा लहानसा अंशच वर्षानुवर्षांनी हाती येतो. म्हणून ७० ते ८० अंश सेल्सिअसला वाढणारे उष्णताप्रेमी सूक्ष्मजीव ढवळटाक्यांत वापरून पाहण्यात आले. बीएचपी बिलिटन आणि चिलीची कोडेल्को यांनी चुकिकामाटा येथे असा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला होता. तांबे त्यात चांगले निघाले, पण तापलेल्या, आम्लाने भरलेल्या टाक्या बांधणे आणि त्यांना सतत वायू पुरवणे हा खर्च मोठा आहे.

प्रश्न : फेस-प्लवनाने, म्हणजे दळलेल्या खनिजातील उपयोगी कण फेसाबरोबर वर आणून, मिळणाऱ्या सांद्रित खनिजात साधारण २५ टक्के तांबे असते. ते बंद दाबपात्रात ऑक्सिजनने विरघळवता येते, तर जगातील बहुतेक सांद्रित खनिज अजून भट्टीतच का जाते? (एक धातुशास्त्रज्ञ)

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर गंधकाच्या हिशेबात आहे. कॅल्कोपायराइटमध्ये एक किलो तांब्यामागे जवळजवळ एक किलो गंधक असते. तांबे कोणत्या मार्गाने काढायचे हे ठरवताना त्या गंधकाचे काय करायचे हे आपण नकळत ठरवून टाकतो, आणि एखाद्या प्रक्रियेचे भवितव्य बहुधा तेथेच ठरते.

भट्टीत गंधक हे इंधन असते. फिनलंडमधील हार्यावाल्टा येथे १९४९ मध्ये सुरू झालेल्या झोत-भट्टीपासून हा विचार पक्का झाला: गंधक आणि लोह जळताना निघणाऱ्या उष्णतेवरच सांद्रित खनिज वितळते, बाहेरचे इंधन थोडेच लागते आणि सल्फर डायऑक्साइड पकडून विकण्याजोगे सल्फ्युरिक आम्ल तयार होते. शिवाय वितळलेले तांबे खनिजातील सोने-चांदी स्वतःत गोळा करून घेते आणि विद्युत् शुद्धीकरणाच्या वेळी ती ॲनोडखालच्या गाळात सापडतात.

दाबपात्रात दोन वाटा आहेत. २०० अंशांच्या वर, सहसा २२० ते २२५ अंशांना, गंधकाचे पूर्ण सल्फेट होते, लोह हेमाटाइट या ऑक्साइडच्या रूपाने खाली बसते आणि तास-दोन तासांत जवळजवळ सगळे तांबे द्रावणात येते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही वाट फार समाधान देणारी आहे. परंतु एक किलो तांब्यामागे सुमारे २.१ किलो ऑक्सिजन लागतो, तोही हवेतून वेगळा करून दाबाखाली दिलेला, आणि शेवटी किलोमागे सुमारे ३ किलो सल्फ्युरिक आम्ल पदरी पडते. ते सौम्य आणि अशुद्ध असल्यामुळे भट्टीच्या आम्लासारखे विकता येत नाही. चुनखडीने मारायचे तर तेवढ्याच वजनाची चुनखडी लागते आणि किलोमागे पाच किलोंहून अधिक जिप्सम साठवावे लागते. म्हणून ही पद्धत तेथेच शोभते, जेथे शेजारी आम्लाची तहान असलेले ढीग आहेत. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील बॅगदाद खाणीवर २००३ मध्ये असा संच चालवला गेला, आणि त्यातील आम्ल तेथल्याच साठ्यांच्या निक्षालनाला देता येत होते.

दुसरी वाट १५० अंशांच्या आसपासची. येथे बरेचसे गंधक मूलद्रव्यरूपातच थांबते. सगळे थांबले असे धरले तर ऑक्सिजनची गरज किलोमागे ०.६३ किलोपर्यंत, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली येते. पण गंधक ११५ ते १२० अंशांना वितळते आणि न विरघळलेल्या कणांना वेढून टाकते. त्यावर लिग्नोसल्फोनेटसारखी पृष्ठक्रियाशील द्रव्ये, अगोदर केलेले अतिसूक्ष्म दळण किंवा द्रावणातील थोडे क्लोराइड, असे उपाय आहेत. सुमारे १६० अंशांपलीकडे वितळलेले गंधक एकाएकी घट्ट होते, त्यामुळे तापमानाला वर सरकायला फारशी मोकळीक राहत नाही. सोने-चांदीचाही येथे त्रास होतो: सोने गंधकमिश्रित गाळात अडकते, आणि सायनाइडने ते काढू गेल्यास गंधक बरेचसे सायनाइड थायोसायनेट बनवून फस्त करते. कमी तापमानाच्या पद्धतींत चांदी बहुधा जॅरोसाइटमध्ये जाऊन बसते.

मग दाबपात्राची खरी जागा कोणती? माझ्या मते आर्सेनिक असलेले सांद्रित खनिज. एनर्जाइट या तांबे, आर्सेनिक आणि गंधक यांच्या खनिजामध्ये सुमारे १९ टक्के आर्सेनिक असते. भट्ट्या असा माल दंड लावून घेतात किंवा नाकारतात, आणि चीनने आयातीवर ०.५ टक्के आर्सेनिकची मर्यादा घातली आहे. दाबपात्रात पुरेसे लोह असेल तर हेच आर्सेनिक स्कोरोडाइटसारख्या बऱ्यापैकी स्थिर फेरिक आर्सेनेटात बांधता येते. भट्टीशी तांब्याच्या खर्चात स्पर्धा करण्यापेक्षा, भट्टीला नको असलेला माल पत्करणे हे निक्षालनाला अधिक झेपणारे काम आहे.

प्रश्न : निक्षालनानंतरच्या पातळ द्रावणातून तांब्याचा पत्रा कसा मिळतो?

उत्तर : पूर्वी भंगार लोखंडावर तांबे बसवून घेत, पण ते अशुद्ध असे आणि पुन्हा भट्टीत पाठवावे लागे. १९६८ मध्ये ॲरिझोनातील ब्लूबर्ड खाणीत विद्रावक निष्कर्षण प्रथमच व्यापारी प्रमाणावर आले. केरोसिनसारख्या द्रवात मिसळलेले हायड्रॉक्सीऑक्सिम हे सेंद्रिय द्रव्य लिटरमागे काही ग्रॅमच तांबे असलेल्या द्रावणातून तांबे निवडून उचलते, लोह मागे ठेवते, आणि तीव्र आम्लाच्या संपर्कात आल्यावर ते तांबे सोडून देते. या सांद्र द्रावणातून स्टेनलेस स्टीलच्या कॅथोडवर ९९.९९ टक्के शुद्धतेचे तांबे बसते, आणि तांब्यासाठी खर्ची पडलेले आम्ल फिरून निक्षालनाला मिळते.

प्रश्न : धूर नाही म्हणून या तंत्राला प्रदूषणमुक्त म्हणता येईल का? आणि कॅल्कोपायराइटचे कोडे आता सुटते आहे काय?

उत्तर : पहिल्या प्रश्नाला मी हो म्हणणार नाही. वायू निघत नाही याचा अर्थ गंधक नाहीसे झाले असा होत नाही. ते सल्फेट, जिप्सम किंवा गाळातील गंधक म्हणून जमिनीवरच राहते. विजेचाही विचार हवा: द्रावणातून तांबे बसवायला किलोमागे सुमारे २ युनिट वीज लागते, तर भट्टीतून आलेल्या तांब्याच्या विद्युत् शुद्धीकरणाला त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. मात्र ज्या कमी प्रतीच्या खनिजाला दळून सांद्रित करणे परवडत नाही, त्याचे ढीग-निक्षालन दळणाची मोठी ऊर्जा वाचवते आणि तेथे तुलना निक्षालनाच्या बाजूने झुकते.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मी आशावादी आहे. चिलीमध्ये मिचिया येथे समुद्राचे पाणी आणि क्लोराइड वापरून सल्फाइडांचे निक्षालन झाले. क्लोराइडामुळे गंधकाचा थर अधिक सच्छिद्र राहतो. चांदीचे आयन त्या थराचा अडथळा कमी करतात हे फार पूर्वीपासून माहीत आहे, परंतु चांदी महाग पडते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील गॅल्व्हनॉक्स पद्धतीत पायराइटचे (लोहाच्या सल्फाइडाचे) कण कॅल्कोपायराइटला चिकटून कॅथोडाचे काम करतात आणि सुमारे ८० अंशांना, साध्या वातावरणीय दाबाखाली, तांबे काही तासांत निघते. ॲरिझोनातील पिंटो व्हॅली येथे जेट्टी कंपनीचा सेंद्रिय उत्प्रेरक प्रत्यक्ष ढिगांवर वापरात आला आहे.

यातले कोणतेही तंत्र निवडताना खाण चालू असतानाचाच नव्हे, तर ती बंद झाल्यानंतरचाही आराखडा मागून घ्यावा. ढिगात उरलेला पायराइट आणि त्यातले जीवाणू उत्पादन थांबल्यावर थांबत नाहीत. पाणी आणि हवा मिळत राहिली तर ते आम्ल तयार करतच राहतात. म्हणून ढिगाखालचे अस्तर, वरचे आच्छादन आणि झिरपणाऱ्या पाण्याचे उदासिनीकरण यांची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात दिसली पाहिजे.