सरांच्या नावाने निधी उभारताना: पदक ठरवायच्या आधी

तुमचे सर जाऊन महिना झाला, ४५ माजी विद्यार्थी पैसे द्यायला तयार आहेत आणि सुवर्णपदक ठेवायचं की व्याख्यानमाला यावर गाडं अडलंय, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या मॅडम गेल्या तेव्हा आम्हीही इथेच अडलो होतो आणि घाईत चुकीचं ठरवून बसलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही पदक ठेवलं. मॅडमच्या विषयात पहिल्या येणाऱ्याला. आता मॅडम म्हटलं की आम्हाला आठवते ती हिरवी शाई. निबंध तपासून परत आला की समासात उभंआडवं हिरवं लिखाण, आणि सगळ्यात लांब शेरा ज्याला सगळ्यात कमी गुण त्याच्या कागदावर. अशा बाईंच्या नावाने पहिल्या नंबराला पदक! तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढे अभ्यासक्रम बदलला, त्या पेपरचं नाव बदललं, आणि विद्यापीठाशी केलेल्या करारपत्रात जुनं नाव असल्यामुळे सलग दोन वर्षं पदक कुणालाच मिळालं नाही. कार्यालयाला तरी काय बोलणार? आम्हीच तसं लिहून दिलं होतं.

म्हणून मतदान थांबवा. त्याऐवजी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: सरांनी तुझ्यासाठी नेमकं काय केलं? ‘उत्तम शिकवायचे’ हे उत्तर चालणार नाही. कुणाला त्यांनी स्वतःची पुस्तकं दिली असतील, कुणाची परीक्षा-फी भरली असेल, कुणाचा प्रबंध तिसऱ्यांदा वाचला असेल. दहा-बारा उत्तरं आली की निधी कशासाठी हे आपोआप दिसतं.

हेतू मात्र सैल शब्दांत लिहा. अमेरिकेचा मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन, त्याच्यासारखा व्यवहारी माणूसही इथे चुकला. १७९० साली तो वारला तेव्हा बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना त्याने प्रत्येकी १००० पौंड ठेवले होते. उमेदवारी (म्हणजे उस्तादाच्या हाताखाली काम शिकणं) पूर्ण केलेल्या, पंचविशीच्या आतल्या, विवाहित तरुण कारागिरांना त्यातून कर्ज द्यायचं आणि हे २०० वर्षं चालवायचं. यंत्रयुग आलं, उमेदवारीची पद्धतच मोडली, आणि अटीत बसणारे कर्जदार मिळेनासे झाले. पैसा वाढत राहिला, हेतू मागे पडला. तेव्हा करारपत्रात हे कलम हवंच: मूळ हेतू शक्य राहिला नाही तर विभागप्रमुखांच्या सल्ल्याने त्याच्या जवळच्या हेतूसाठी रक्कम वापरावी. छापील नमुन्यात ते नसेल तर मागून घ्या.

आता पैशाचं. ‘कायमस्वरूपी’ या शब्दाला भुलू नका. कायम निधीत मुद्दल तसंच राहतं आणि फक्त उत्पन्न खर्च होतं. समजा १०० गुंतवले, ७ मिळाले आणि महागाई ४ टक्के आहे, तर खर्चायला खरे ३च. सातही वाटून टाकलेत तर मुद्दल कागदावर १००च दिसेल, पण आतून पोकळ होत जाईल. महागाई ५ टक्के धरली तर साधारण १४ वर्षांत त्याची किंमत निम्मी होते. त्यात बहुतेक विद्यापीठांत कायम निधीसाठी किमान रक्कम ठरलेली असते, ती आधी विचारून घ्या. तुमची जमा तेवढी होत नसेल तर सरळ दहा वर्षांत मुद्दलासकट संपणारा निधी करा. दरवर्षी एका विद्यार्थ्याच्या खरोखर उपयोगी पडेल अशी रक्कम देता येते. त्यात कमीपणा काही नाही.

सरांच्या नावाचं अध्यासन, म्हणजे त्यांच्या नावाचं प्राध्यापकपद काढू, असंही कुणीतरी म्हणेलच. त्याला एका प्राध्यापकाचा पगार कायम निघेल एवढं मुद्दल लागतं, ४५ जणांच्या वर्गणीचं ते काम नाही. आणि नावाचं म्हणाल तर केंब्रिजचं लुकासियन अध्यासन १६६३चं. तिथे बसलेले न्यूटन आणि हॉकिंग जगाला ठाऊक, पण ज्याच्या देणगीतून ते उभं राहिलं तो हेन्री लुकास किती जणांना माहीत आहे? व्याख्यानमालेला पैशापेक्षा माणूस लागतो. दरवर्षी वक्ता शोधणारा, सभागृह ठरवणारा एक जण आज नाव घेऊन पुढे येत नसेल, तर तो विषय सोडा.

पैसे स्वतःच्या खात्यात गोळा करू नका. आम्ही केले होते. पावती ज्याने भरणा केला त्याच्या नावाने निघते, त्यामुळे बाकीच्यांना करसवलतीचा कागद मिळाला नाही आणि एक जण अजून त्यावरून टोमणे मारतो. प्रत्येकाने थेट विद्यापीठाकडे भरावेत आणि सोबत निधीचं नाव लिहावं. नोकरी करणाऱ्यांना विचारा, काही कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर स्वतः घालतात. आणि लवकर करा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे येतं ते नंतर येत नाही. तपशील ठरेपर्यंत ‘विभागातील विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी’ एवढ्या हेतूवर खातं उघडून घ्या.

या सगळ्याच्या आधी घरच्यांना भेटा. आम्ही मॅडमच्या मुलीला थेट छापलेलं पत्रकच दाखवायला नेलं. तिने ते वाचलं आणि म्हणाली, आईला पूर्ण नाव आवडायचं नाही, ती सही करताना फक्त आडनाव लिहायची. पत्रकं तोवर वाटून झाली होती. पुढे करारपत्र दुरुस्त करताना पदक काढलं आणि प्रबंध अर्धवट राहिलेल्यांना मदत असं ठेवलं, तेव्हा नावही बदलून घेतलं. आता निधीच्या नावात फक्त आडनाव आहे.